सविनय गळती

ज्या माणसाला आपण पत्राच्या शेवटी 'आपला विश्वासू' असं लिहितो, त्याच्यावर आपला काडीचाही विश्वास नसतो. असता तर पत्र कशाला लिहिलं असतं? ज्याच्यावर पूर्ण विश्वास आहे त्याला माणूस नुसती हाक मारतो, ज्याच्यावर थोडाफार आहे त्याला फोन करतो, आणि ज्याच्यावरचा पार उडाला आहे त्याला विषय, संदर्भ आणि दिनांक घालून मेल पाठवतो. मी आमच्या वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदाराला मेल पाठवत होतो, यावरून काय ते ओळखा.

गळतीची हकीगत थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्या इमारतींत सारखीच असते. ठाण्यातली आमची इमारत जुनी, चार मजली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आमच्या बाथरूमचं पाणी खालच्या काकांच्या छतातून त्यांच्या बादलीत पडायला लागलं. काकांनी सोसायटीत तक्रार केली. सेक्रेटरींनी उपविधींचं पुस्तक काढलं. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी आलं तर ते सोसायटीचं, मोरी-संडासातून गळलं तर ते सभासदाचं, अशी त्यात पाण्याची वाटणी करून ठेवलेली आहे. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ साली लवाद नेमला, तो पुरला नाही म्हणून २००४ साली दुसरा नेमला, तरी भांडण चालूच आहे. आमच्या बाथरूमच्या पाण्याचा निकाल सेक्रेटरींनी जिन्यात उभ्या उभ्या दिला. पाणी माझं ठरलं.

खालचे काका तसे सभ्य. आरडाओरडा नाही, काही नाही. बादली भरली की तिचा फोटो काढून पाठवायचे. खाली एकच ओळ : 'माहितीसाठी सादर.'

सेक्रेटरींनी मला एका कंत्राटदाराचं कार्ड दिलं. कार्डावर गणपती, गणपतीखाली नाव, नावाखाली 'सर्व प्रकारच्या गळतीवर खात्रीशीर इलाज', त्याखाली दोन मोबाइल नंबर आणि सगळ्यात खाली चक्क ईमेलचा पत्ता. तो पत्ता पाहून मला भरून आलं. मी विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागातून निवृत्त झालेला माणूस. माझ्या 'उपरोक्त विषयास अनुसरून'ची विभागात ख्याती होती. माझी नकाराची पत्रं वाचून लोकांना क्लेम मिळाल्यासारखं वाटायचं, असं आमचे साहेब म्हणायचे. शाळेतही निबंधात मी जेमतेम, पण पत्रलेखनात पैकीच्या पैकी. तक्रारपत्र लिहावं तर मीच. नगरपालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांना कचराकुंडीबद्दल मी परीक्षेत कितीतरी पत्रं लिहिली. एकही कुंडी हलली नाही, पण गुण मिळाले. तेव्हापासून माझा असा समज आहे की तक्रार मांडणं हे आपलं काम, तिचं पुढे काय होतं हा अभ्यासक्रमाबाहेरचा भाग.

कंत्राटदाराला लिहिलेला पहिला मेल आजही वाचला तर मला अभिमान वाटतो. महोदय, आपल्या कौशल्याविषयी ऐकून आहे, आपल्या व्यग्र दिनक्रमातून थोडी सवड काढून आमच्या घरी पायधूळ झाडावी, खालील चार मुद्द्यांवर आपलं बहुमोल मार्गदर्शन व्हावं : पाहणीला कधी याल, खर्च किती, दिवस किती, हमी किती वर्षांची. शेवटी, बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ आहात. पाठवण्याआधी हिला वाचून दाखवला.

"गळती सांगताय की स्थळ?" ही म्हणाली.

"का? काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. पत्रिका तेवढी जोडायची राहिली."

काही दिवसांनी उत्तर आलं. संपूर्ण उत्तर असं : 'ओके.'

मायना नाही, सही नाही. मी चार प्रश्न विचारले होते. त्यांतल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर 'ओके' होऊ शकतं, यावर मी बराच विचार केला. 'खर्च किती' याला नक्कीच नाही. 'कधी याल' यालाही नाही. शेवटी 'आपण सुज्ञ आहात' या वाक्याला त्यांनी दुजोरा दिला असावा, असं धरून चाललो.

मग हळूहळू त्या ईमेलच्या पत्त्याची कुळकथा कळली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. नोंदणीसाठी ईमेलचा पत्ता लागतो म्हणून कंत्राटदाराच्या भाच्याने तो काढून दिला. पासवर्ड भाच्याकडे. भाचा नाशिकला कॉलेजात. मामाने आजवर स्वतःचा मेल उघडून पाहिलेला नाही. भाचा सवडीने मेल वाचतो आणि फोनवर मामाला सांगतो. म्हणजे माझ्या तीन परिच्छेदांचं, त्यातल्या पायधुळीचं आणि बहुमोल मार्गदर्शनाचं, नाशिक ते ठाणे प्रवासात काय होत असेल? ते मला लवकरच लेखी कळलं.

मी आठवण करून देणारा दुसरा मेल पाठवला होता. सीसीमध्ये सेक्रेटरी आणि खालचे काका. सीसी हे मध्यमवर्गाचं ब्रह्मास्त्र आहे. आपण कोणाला बोलत नाही, फक्त चारचौघांत बोलतो. त्या मेलला उत्तर आलं, आम्हा सगळ्यांना मिळून : 'मामा, ते ठाण्याचे गळतीवाले परत. हे रिटायर्ड आहेत का बघ. रिटायर्ड असतील तर घाई नाही.'

मामाच्या व्हॉट्सॲपवर जायचा मजकूर भाच्याने मेलमध्ये चिकटवला होता. जीमेलमध्ये गेलेला मेल मागे ओढायची सोय आहे, पण तिची मुदत फार तर ३० सेकंदांची. भाचा एकतिसाव्या सेकंदाला जागा झाला असावा, कारण पाठोपाठ दुसरा मेल आला : 'प्लीज इग्नोर.' सेक्रेटरींनी इग्नोर केलं नाही. त्यांनी 'सर्वांना उत्तर' देऊन कळवलं : 'होय, रिटायर्ड आहेत.' त्यावर खालच्या काकांनी सर्वांना कळवलं : 'मीसुद्धा.' मी मात्र रीत सोडली नाही. लिहिलं : 'आपण माझ्या प्रकृतीमानाची व व्यवसायाची आस्थेने चौकशी केलीत, त्याबद्दल आभारी आहे.'

मेल हे आपल्याकडे संपर्काचं साधन नाही, संपर्काचं निमित्त आहे. मेल पाठवला की 'मेल टाकलाय' असं सांगायला फोन करावा लागतो. फोन उचलला जात नाही, म्हणून 'फोन केला होता' असं सांगायला व्हॉट्सॲप करावं लागतं. मी फोन केला की पलीकडून घणाच्या ठोक्यांतून आवाज यायचा, "सर, साइटवर आहे, व्हॉट्सॲप टाका." मग मी माझ्याच मेलचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचो. पोहोचल्याच्या दोन खुणा उमटायच्या, पण त्या निळ्या होत नसत. संदेश वाचला की खुणा निळ्या करायची पद्धत व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०१४ मध्ये आणली, आणि तेव्हा कंत्राटदार लोकांत एकच हाहाकार उडाला असेल. पुढे ती निळाई बंद करायची सोय निघाली. आमच्या कंत्राटदाराला मेल उघडता येत नाही, पण ही सोय त्याने बिनचूक शोधून काढली होती.

बरं, माणूस व्हॉट्सॲपवर नाही असंही नाही. रोज सकाळी सहाच्या सुमारास त्याच्याकडून मला गुलाबाचं फूल येतं, दवबिंदूंसकट, आणि 'शुभ सकाळ'. भारतीयांच्या असल्या शुभेच्छाचित्रांनी फोन गच्च भरतात आणि बंद पडतात, हे २०१८ साली गूगलवाल्यांच्याही ध्यानात आल्याच्या बातम्या होत्या. त्यांना ती अडचण वाटली. मला तो पुरावा वाटायचा. गुलाब आला, म्हणजे माणूस आहे, जागा आहे, फोन चार्ज आहे आणि माझा नंबर त्याच्याकडे आहे. मी गुलाबाखाली ताबडतोब लिहायचो, 'शुभ सकाळ साहेब. आज येताय ना?' की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळं शांत. मग सूर्यफूल.

कधी कधी उत्तरादाखल हात जोडलेली खूण यायची. या खुणेचा मी सखोल अभ्यास केला आहे. तिचा अर्थ येतो असा होतो, येत नाही असा होतो, पैसे मिळाले, पैसे पाठवा, चूक झाली, आभारी आहे, आता पुरे करा, आणि दुःखद बातमीखाली असेल तर भावपूर्ण श्रद्धांजली. 'उद्या नक्की का?' या प्रश्नावर हात जोडले गेले, की या सगळ्या शक्यता एकदम खुल्या होतात. शेवटचीसुद्धा.

अशा एका रात्री मन रमवायला मी इतिहास उघडला. गिऱ्हाइकाचं दुःख फार जुनं आहे हे पाहून बरं वाटलं. आजच्या इराकमधल्या उर शहरात सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी एआ-नासिर नावाचा तांब्याचा व्यापारी होता. त्याला नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने मातीच्या पाटीवर कोरून तक्रार पाठवली, ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पैसे घेतलेस, तांबं हलकं दिलंस, माझा माणूस शत्रूच्या मुलखातून तुझ्याकडे आला त्याला रिकाम्या हाताने परत धाडलंस, मला समजतोस काय, असा एकूण सूर. सविनय नाही, सप्रेम नाही, आपला विश्वासू तर नाहीच. आणखी गंमत म्हणजे जे घर याच व्यापाऱ्याचं मानतात, त्यात इतर गिऱ्हाइकांच्या तक्रारीच्या पाट्याही सापडल्या. म्हणजे भल्या माणसाने सगळ्या तक्रारी नीट जपून ठेवल्या आणि उत्तर बहुधा एकीलाही दिलं नाही. त्यालाही नाशिकला भाचा असणार.

आपल्याकडे मात्र पत्राचा शिष्टाचार आधी आणि तक्रार नंतर. देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाद्री, म्हणजे आपले हेमाडपंत, यांच्या नावावर मेस्तकं सांगितली जातात. कोणाला कोणता मायना लिहावा, वडीलधाऱ्याला काय, बरोबरीच्याला काय, याचे त्यांत नियम. याच हेमाडपंतांचं नाव दगडात दगड अडकवून, चुना न वापरता बांधलेल्या देवळांनाही चिकटलं आहे. तेराव्या शतकातली ती देवळं अजून उभी आहेत. मला वाटतं, पत्रात गोड बोलावं कसं आणि चुना न लावता काम करावं कसं, या दोन्ही विद्या एकाच माणसाकडे असण्याची महाराष्ट्रातली ती शेवटची वेळ. त्यानंतर गोड बोलणं तेवढं राहिलं.

एवढ्यात कोटेशन आलं. मेलचा विषय : 'कोटेशन.' मजकूर : 'प्लीज फाइंड अटॅच्ड.' सोबत काहीही जोडलेलं नाही. मी लिहिलं, 'आपलं कोटेशन मिळालं असतं तर आनंद झाला असता.' मग लेटरपॅडचा आडवा फोटो आला. मान वाकडी करून वाचला. 'रिस्पेक्टेड मॅडम, युवर एस्टीम्ड इन्क्वायरी' अशी सुरुवात. मी मॅडम नव्हतो, तेवढं सोडून दिलं. पण पुढे माझ्या बाथरूमला दोन बाल्कन्या होत्या, ओटा होता आणि पत्ता मुलुंडचा होता. कोणा मुलुंडच्या बाईंचं कोटेशन माझ्याकडे आलं होतं. भाच्याने आम्हा दोघांना एकाच मेलमध्ये घेतल्यामुळे त्या बाईंचा पत्ता मला आणि माझा त्यांना कळला, आणि कोटेशनाखेरीज आमच्यात लपण्यासारखं काही उरलं नाही.

यथावकाश माझंही आलं. जुन्या टाइल्स तोडणे, डेब्रिज खाली नेणे, नहाणी ट्रॅप बदलणे, ब्रिकबॅट कोबा, केमिकलचे दोन हात, पाणी भरून चाचणी, नवीन टाइल्स, सांध्यांत इपॉक्सी. जीएसटी १८ टक्के वेगळा. निम्मे पैसे आगाऊ. हमी १० वर्षांची. कोणत्या तारखेपासून ते लिहिलं नव्हतं, आणि एकंदर गती पाहता ती दहा वर्षं मेलामेलीतच संपतील अशी भीती वाटली.

आकडा पाहून माझ्या पोटात गोळा आला. पण 'फार होतात' असं तोंडावर म्हणणं आपल्यात बसत नाही. मी फोनवर म्हणालो, "जरा बघा ना काही होतंय का."

"सर, तुम्हाला जास्त सांगणार का?"

"तसं नाही, पण तरी."

"तुमच्याकडे बघूनच लावलंय सर."

त्याने मला आजवर पाहिलेलंच नव्हतं. पण हे दाखवून देणं असभ्य झालं असतं. मी गप्प बसलो आणि निम्मे पैसे पाठवले. क्षणात उत्तर आलं. हात जोडून.

मग सुरू झालं कारणांचं पर्व. आपल्याकडे कारागीर 'नाही' म्हणत नाही. घरी आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याच्या संस्कारांत बसत नाही. 'नाही' म्हणून एकदाच वाईट होण्यापेक्षा 'उद्या येतो' म्हणून रोज थोडं थोडं चांगलं राहावं, हे त्याचं धोरण. आधी गणपतीला माणसं कोकणात गेली. ती परतेपर्यंत पितृपक्ष लागला. "सर, या पंधरवड्यात नवीन काम धरत नाही."

"अहो, पण काम नवीन कुठे आहे? गळती जुनीच आहे."

"ते खरं सर, पण कोबा नवीन ना."

यावर माझ्याकडे शास्त्राधार नव्हता. पुढे दसऱ्याच्या मुहूर्तावर मोठ्या साइटने माणसं पळवली. मग दिवाळीच्या तोंडावर सगळे रंगकामात अडकले. प्लंबर ओडिशातला केंद्रपाड्याचा. त्या जिल्ह्यातून देशभर प्लंबर जातात, त्या जिल्ह्यात नळदुरुस्ती शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा आहे. आमच्या वाट्याचा प्लंबर मात्र देशभर गेलेल्यांपैकी नव्हता, परत गेलेल्यांपैकी होता. एकदा तर कंत्राटदाराने कमालच केली. सकाळी फोन : "सर, आज नाही जमणार. घरी बाथरूम लीक झालंय. बायको ऐकत नाही."

"मग कोणाला बोलावलंत?"

"बघतोय सर. कोणी वेळेवर येत नाही हो."

त्याच्या आवाजातलं दुःख इतकं अस्सल होतं की मीच त्याला 'होईल सगळं नीट' म्हणालो.

या सगळ्या काळात माझी भाषा मात्र चढत्या भाजणीने सभ्य होत गेली. राग आला की माणूस एकेरीवर येतो, असा समज आहे. तो तोंडी भांडणापुरता खरा. लेखी भांडणात माणूस वर वर चढत जातो. पहिल्या मेलात कंत्राटदार 'महोदय' होता. मग तो 'आदरणीय' झाला, मग 'सन्माननीय'. ज्या दिवशी मला त्याच्या डोक्यात बादली घालावीशी वाटली, त्या दिवशी मी त्याला 'परम आदरणीय' लिहिलं आणि शेवटी कुटुंबीयांच्या स्वास्थ्याची कामना केली. 'जेंटल रिमाइंडर' हा प्रकारही तसलाच. तो लिहिणाऱ्याच्या दातांकडे बघा, आवळलेले असतात. खालच्या काकांचंही तसंच होत होतं. त्यांच्या फोटोतल्या बादलीच्या जागी टब आला आणि 'माहितीसाठी सादर'च्या जागी 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर.' एवढा विनय वाचून मला जिन्यात त्यांच्यासमोर जायची भीती वाटायला लागली.

शेवटी हिने माझा फोन घेतला आणि कंत्राटदाराला लावला. "दादा, मी वहिनी बोलतेय तिसऱ्या मजल्यावरची. उद्या सकाळी नऊला या. नाश्ता करून येऊ नका." फोन ठेवला. विषय नाही, संदर्भ नाही, मायना एकच आणि तोही नात्याचा. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता, म्हणजे साडेअकराला, चार माणसं घणासकट दारात. मी दार उघडून म्हणालो, "नमस्कार, आपलीच प्रतीक्षा होती." कंत्राटदार माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "वहिनी, पोहे का?"

आणि मग मी त्याला काम करताना पाहिलं. खिशातलं नाणं काढून तो टाइलवर टकटक करत गेला. कुठे भरीव आवाज, कुठे पोकळ. कोपऱ्यात थांबला. "सर, फरशी चांगली आहे. पाणी नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून उतरतंय. पाइप आणि ट्रॅप मध्ये सुटलेत. खाली कोबा भिजून भिजून मऊ झालाय, म्हणून ते पसरतंय आणि काकांकडे भलतीकडेच पडतंय." जो माणूस एवढे महिने 'ओके'च्या पुढे गेला नव्हता, तो एका दमात एवढं बोलला आणि त्यातला एक शब्द फुकट नव्हता. फोडून पाहिलं तर तसंच निघालं. माझ्या सगळ्या मेलांमध्ये मिळून गळतीबद्दल इतकी माहिती नव्हती. त्याला लिहिता येत नाही म्हणून तो गप्प राहतो आणि मला दुसरं काही येत नाही म्हणून मी लिहीत राहतो, एवढाच काय तो आमच्यातला व्यावसायिक फरक.

काम सुरू असताना कोणीच कोणाशी सभ्य नव्हतं, त्यामुळे ते झपाट्याने झालं. "सर, बाजूला व्हा." "सर, तिथे पाय देऊ नका." "सर, सांगितलं ना!" कोबा झाल्यावर बाथरूममध्ये ४८ तास पाणी भरून ठेवलं. खालचे काका खुर्ची टाकून छताकडे बघत बसले. त्यांच्याकडून कोरड्या छताचे फोटो यायला लागले. सवयीने तेही 'माहितीसाठी सादर'च होते.

आता राहिले पैसे. आणि इथे एक चमत्कार झाला. ज्या पत्त्यावरून मला 'ओके' यायचं, त्याच पत्त्यावरून पानभर मेल आला. 'रिस्पेक्टेड सर, होप यू अँड युवर फॅमिली आर इन गुड हेल्थ. इट वॉज अ प्लेझर सर्व्हिंग यू.' खाली बाकीची रक्कम, त्याखाली बँकेचा तपशील आणि त्याखाली 'जेंटल रिमाइंडर'. मी तो मेल दोनदा वाचला. मग फोन बंद करून दुपारची झोप काढली. उठून उत्तर लिहिलं. हात जोडले.

पाणी वरून खाली येतं, नम्रता खालून वर जाते. ज्याचं अडलंय तो लांबलचक लिहितो, ज्याच्यामुळे अडलंय तो 'ओके' म्हणतो. 'अडला हरी' ही म्हण ज्याने रचली, त्याच्याही घरी काहीतरी गळत असलं पाहिजे. आजवर मी खाली होतो, आता जिना चढून वर आलो होतो आणि वरचं वारं छान लागत होतं. कंत्राटदाराचा फोन आला की मी म्हणायचो, "जरा बाहेर आहे, मेल टाका." पूर्वी अशा वेळी 'चेक पोस्टात टाकलाय' हे किती भारदस्त कारण होतं! २०१६ साली यूपीआय आलं आणि देणेकऱ्यांचं निम्मं वाङ्‌मय संपलं. आता 'सर्व्हर डाऊन आहे' एवढंच उरलंय. ते मी सगळं वापरलं. मग म्हणालो, "एक पावसाळा जाऊ द्या. टिकतंय का बघू, मग उरलेले देतो."

"सर, बाथरूमात पावसाळा रोजच असतो हो," तो म्हणाला.

याला उत्तर नव्हतं. शिवाय त्याने पुढचा मेल सीसीमध्ये वहिनींना घालून पाठवला. माझंच अस्त्र माझ्यावर! हिने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि सर्व्हर लगेच सुरू झाला.

पैसे पोहोचल्यावर त्याचा संदेश आला, 'सर, नेटवर एक चांगला रिव्ह्यू टाका ना. स्टार पाच.' मला कुठे 'नाही' म्हणता येतं! पाच तारे दिले आणि लिहिलं, 'अत्यंत मितभाषी. सणवार कटाक्षाने पाळणारे. गिऱ्हाइकाशी रोज सकाळी न चुकता संपर्क.' यातलं एकही अक्षर खोटं नाही.

गेल्या आठवड्यात मुलुंडच्या त्या बाईंचा मेल आला. विषय, संदर्भ, दिनांक, सगळं जागच्या जागी. 'महोदय, काही महिन्यांपूर्वी आपल्या बाथरूमचे कोटेशन नजरचुकीने माझ्याकडे आले होते. त्याच कंत्राटदारांना मी निम्मे पैसे दिले आहेत. आपले काम झाल्याचे रिव्ह्यूवरून समजले. तरी सदर गृहस्थांविषयी आपला अनुभव कृपया कळवावा.'

मी बराच वेळ कीबोर्डपुढे बसलो. गणपती, पितृपक्ष, भाचा, केंद्रपाडा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण पाठीमागे कोणाबद्दल वाईट लिहिणं बरं दिसत नाही. विमा कंपनीतलं सगळं कसब पणाला लावून दोन परिच्छेद लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. शेवटी एकच वाक्य ठेवून मेल पाठवला : 'माणूस अतिशय चांगला आहे.'

पाच मिनिटांत उत्तर आलं : 'चांगला आहे हे सगळेच सांगतात. येतो कधी, तेवढं कळवा.'